रंगारीकाकांचा दुधातला भात

मला माणसांचं कौतुक करण्याची फारशी सवय नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते मी. दिवसभर माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून खोटं बोलतात. "दिसतंय की सगळं," असं म्हणून तक्त्याची खालची ओळ धडाधड वाचून दाखवतात, कारण बाहेर बसल्या बसल्या ती पाठ केलेली असते. मी तक्ता बदलला की गप्प. त्यामुळे कुणी कुणाबद्दल भारावून बोलायला लागलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. पण रंगारीकाकांबद्दल मी भारावूनच सांगणार आहे. ज्याला आठ्या घालायच्या असतील त्याने खुशाल घालाव्यात.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी हयात त्यांनी लोकांची घरं रंगवण्यात आणि दारं-खिडक्यांना पॉलिश करण्यात घालवली. वस्तीत त्यांना 'दुसरा हात' म्हणून ओळखतात. रंगाचा एक हात मारून झाला, की घरमालक म्हणायचा, "छान दिसतंय, राहू द्या." काका ब्रश खाली ठेवायचेच नाहीत. "दुसरा हात मारल्याशिवाय मी शिडी उचलणार नाही," म्हणायचे. आणि त्यांची आणखी एक खोड होती. खोलीला रंग लावण्याआधी ते कोपऱ्यात तळहाताएवढा नमुना लावायचे, तो वाळू द्यायचे, सकाळी बघायचे, दिवा लावून बघायचे, मालकिणीला बोलावून दाखवायचे. ती "हं" म्हणाली की मगच डबा ढवळायला घ्यायचे.

स्वयंपाकघराशी मात्र त्यांचा संबंध भिंतींपुरता. आत सगळं राज्य काकूचं. काकूकडे जेवायला जायचं म्हणजे आम्हा पोरांना पर्वणी असायची. तिचं ताट बघत राहावं असं असायचं. लालभडक टोमॅटोशेजारी पांढराफेक मुळा, मऊ डाळीवर कुरकुरीत तळलेला कांदा, वाफाळत्या भाताजवळ दातांना झिणझिण्या येतील असं गार दही. प्रत्येक घासाला काहीतरी कुडुम वाजायचं. आई घरी आल्यावर नाक मुरडायची, "जेवण आहे की जत्रा!" पण दोनदा मागून घेतलेलं असायचं तिनेही. ताटं वाढून झाली की काकू दाराशी उभी राहून विचारायची, "कसं झालंय?" काका मान न उचलता म्हणायचे, "झकास." ती स्वतः सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवायची. कधी जेवायची, काय जेवायची, आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

त्याच ओट्याशी ती पडली. वरच्या फळीवरची बरणी काढायला स्टुलावर चढली आणि स्टूल कलंडलं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, घरी आणली. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचा पलंग टाकला. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, पण शेगडी दिसायची नाही.

हाड जुळत होतं. काकू मात्र दिवसेंदिवस आटत चालली होती. खायचीच नाही. आईने डबे पाठवले, शेजारणींनी पाठवले, मी दुकानातून येताना फळं आणली. ती घासभर चाखायची आणि ताट सरकवायची. "तोंडाला चव नाही गं. ठेव झाकून, मग खाते." ते 'मग' कधी यायचं नाही. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

डॉक्टर तपासायला आले, त्यांनी काकांना दारापाशी नेलं. मी तिथेच होते. "हाड आम्ही जोडलं," ते म्हणाले. "उभं राहायचं ते त्यांच्या स्वतःच्या ताकदीवर. पोटात काही गेलं नाही तर त्या या पलंगावरून उठणार नाहीत. गोळ्या लिहून देतो, पण गोळ्यांनी हे होणार नाही. त्यांना जेवायला घाला."

 काका म्हणाले, "मी करतो स्वयंपाक."

डबा घेऊन आलेल्या आईला हसू आवरेना. "भाऊजी, गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते तरी माहीत आहे का?"

"वहिनी, शिकेन," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की आईचं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर मी जिना चढत होते, तर पहिल्याच वळणावर जळकट वास नाकात शिरला. मी धावतच वर गेले. काकूला झोप लागली होती. स्वयंपाकघरात काकांनी फरशीवर रंगकामाची जुनी चादर अंथरली होती, ओट्याच्या कडेला चिकटपट्टी लावली होती, डोक्यावर कागदाची टोपी होती. धुराची निळी रेघ खिडकीतून बाहेर चालली होती, डाळीचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि हे गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून निवांत गाजर चिरत उभे! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतका वास. मी गॅस बंद केला.

"काका, घर पेटवताय का? नाक कुठे गहाण टाकलंय? वास येत नाही?"

ते दचकले. पातेलं बघितलं. मग आधी पलंगाच्या दिशेने बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "नाही येत."

"म्हणजे? सर्दी झालीय?"

"सर्दी कसली. तू शाळेत होतीस तेव्हाच गेला वास. बंद खोल्यांत ती पॉलिशं, तो थिनर... आधी कमी झाला, मग गेलाच." त्यांनी गाजराचे तुकडे एका रेषेत लावले. "तुझ्या काकूला माहीत नाही. तिला सांगायचं नाही."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. माणसं काय लपवतात हे ओळखायचाच माझा धंदा, आणि माझा सख्खा काका एवढी वर्षं तक्ता पाठ करून बसला होता!

"पण का? सांगायला काय झालं होतं?"

"ती रोज दाराशी उभी राहून विचारते, कसं झालंय. तिचा सगळा जीव त्या ताटात. तिला काय सांगू? मला खारट कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी कोरी भिंत आहे, हे सांगू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण गंमत बघ. बाहेर कुठेही जेवलो की चोथा चघळल्यासारखं वाटतं. तिच्या हातचं मात्र जेवल्यासारखं वाटतं. का ते मला आजवर कळलेलं नाही."

 मी पातेलं घासायला घेतलं.

ज्याला वास येत नाही त्याने स्वयंपाक शिकायचा म्हणजे काय, हे मला आईने शिकवायला घेतलं तेव्हा उमगलं. आई हौसेने आली, पदर खोचला आणि ओट्याशी उभी राहिली. "हे बघा भाऊजी, लसूण टाकायचा, खमंग वास सुटला की कांदा. कांद्याचा उग्र वास गेला की मसाला. मसाल्याचा कच्चा वास गेला की पाणी. एवढं सोपं आहे." काका शहाण्या मुलासारखे मान डोलवत होते. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. आई गेल्यावर त्यांनी तिच्यासारखंच सगळं केलं आणि तीनही ठिकाणी चुकले. लसूण कडू, कांदा कच्चा, मसाला करपलेला. त्यांनी ते सगळं मुकाट्याने केराच्या डब्यात टाकलं.

काकू पलंगावरून ऐकत होती. तिने हाक मारली. "अहो, इकडे या. वहिनी शिकवतात ते त्यांच्या घरचं. मी सांगते तसं करा."

आणि पलंगावर पडल्या पडल्या तिने शिकवायला सुरुवात केली. मी दोघांच्या मधल्या दारात उभी राहायचे, तिचा निरोप आत आणि आतली खबर बाहेर. तिचं शिकवणं काही वेगळंच होतं. "लसूण टाकलात? आता त्याच्याकडे बघा. कडा आपल्या पुढच्या दाराच्या पॉलिशसारख्या झाल्या की कांदा टाका, त्याच्यापुढे एक क्षण थांबायचं नाही." "कांद्याचा आवाज ऐका. आधी धो धो पावसासारखा येईल. पाणी आटलं की बारीक चुरचुर राहील. ती चुरचुर आली की तो परतायला तयार." "मसाला टाकलात की तेल बघा. कडेने सुटून चकाकायला लागलं की पाणी." मला वाटलं, किती हुशार बाई, रंगाऱ्याला रंगाच्या भाषेत शिकवते आहे. त्यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

काका शिकत होते, पण रंगाऱ्यासारखे. एकदा मी आत गेले तर कांदा अर्धवट पिवळा असतानाच त्यांनी कढई खाली उतरवून खिडकीत ठेवली होती.

"हे काय?"

"ओला रंग फिका दिसतो," काका गंभीरपणे म्हणाले. "वाळला की गडद होतो. हवा तो रंग यायच्या आधीच थांबायचं असतं. जरा वाळू दे, बघ कसा येतो."

मी बाहेर येऊन काकूला सांगितलं. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू वर आलं. मांडीला हिसका बसत होता, तरी तिला थांबता येईना. "अहो!" ती ओरडली, "तो कांदा आहे, भिंत नाही! वाळायला काय ठेवताय!" पडल्यापासून ती हसलेली मी प्रथमच पाहत होते. आतून काका दारात आले, कागदी टोपी तशीच डोक्यावर, आणि ती हसते आहे हे बघून तेही हसायला लागले. डोळे पुसत पुसत हसत होते.

त्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते बघून मी तोंडात बोटं घातली. त्यांनी कानाने स्वयंपाक शिकून घेतला. झाकणाला कान लावून उभे राहायचे, आणि आतलं पाणी आटत आलं की आवाज कसा जाडा होतो ते मला सांगायचे. कढईच्या दांड्याला हात लावून आच ओळखायचे. डाळ चमच्यातून सोडून तिची धार बघायचे, रंग पातळ करताना बघत तशी. अंड्याच्या पांढऱ्याची कड कुठल्या क्षणी काचेसारखी राहत नाही, हे त्यांच्याइतकं बारकाईने कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि नमुना! भाजी पूर्ण करायच्या आधी ते तीच भाजी चमचाभर छोट्या पळीत करायचे, बशीत घालून पलंगाशी आणायचे आणि उभे राहायचे. काकू जिभेवर ठेवायची. "मीठ थोडं." ते परत. पुन्हा पळी, पुन्हा बशी. ती "हं" म्हणेपर्यंत मोठी कढई चढायची नाही. मी घरी रोज काहीतरी उकडून पोटात ढकलणारी बाई. स्वयंपाकाला एवढं डोळ्यांत प्राण आणून कुणी भिडतं हे मला ठाऊकच नव्हतं.

काकू खायला लागली. पण नमुन्यापुरतीच. घास-दोन घास, आणि तेही काकांचं मन राखायला म्हणून. ताट समोर आलं की तीच जुनी गोष्ट. डॉक्टर आले, तिला आधार देऊन उभं करायचा प्रयत्न झाला. तिचे पाय लटलट कापले आणि ती मटकन खाली बसली. घामाने डबडबली होती.  

डॉक्टर गेल्यावर काका पलंगाच्या कडेला बसले. "माझं काय चुकतंय?"

"तुमचं काही चुकत नाही. छान करता."

"मग तुला काय आवडतं ते सांग. ते करतो."

आणि काकू गप्प झाली. मला आधी वाटलं ती आठवते आहे. मग लक्षात आलं, तिला हा प्रश्नच नवा आहे. कुणाला काय आवडतं हे सगळ्या गोतावळ्याचं तिला पाठ होतं. मला टोमॅटोची साल आवडत नाही, आईला तिखट झेपत नाही, सगळं. तिला काय आवडतं हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि रागही आला, आम्हा सगळ्यांचाच.

"दुधातला भात," ती शेवटी म्हणाली, इतक्या हळू की मी पुढे वाकले. "आई करायची. दुधात तांदूळ मंद आचेवर शिजवायचे. दालचिनीचा तुकडा, लिंबाची साल. साखर नावाला. बाकी काही नाही."

"मग तू कधी केला का नाहीस?" काकांनी विचारलं.

"राहून गेलं," काकू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

काकांनी दूध आणलं, दालचिनी आणली, लिंबाची साल सोलली. मी मदतीला थांबले. पातेल्यात वाकून बघताना त्यांचा चेहरा उतरत गेला. तांदूळ पांढरे, दूध पांढरं, पातेलं आतून पांढरं. तळायचं काही नाही, सोनेरी व्हायचं काही नाही, चुरचुर नाही, चकाकी नाही. "पांढऱ्यात काही दिसत नाही गं," ते म्हणाले. "हा सगळ्यात अवघड रंग." मी गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला गेले, ते ढवळत राहिले. भात मऊ झाला, दूध दाट झालं, पृष्ठभाग शुभ्र गुळगुळीत. त्यांनी वाटी भरली, चमचा पुसून ठेवला आणि घेऊन गेले. तेवढ्यात मी कपडे घेऊन दारात पोचले.

वाटी माझ्या जवळून गेली तेव्हाच मला कळलं. दूध तळाला लागलं होतं. वरून काही दिसत नव्हतं, एक काळा ठिपका नाही, पण करपल्याचा तो धुरकट वास सगळ्या भातात उतरला होता. दालचिनी त्याच्याखाली कुठल्या कुठे दबून गेली होती.

मी काही म्हणणार तोच काकूने पहिला चमचा तोंडात घातला. ती थांबली. गिळला. दुसरा घातला. गिळला.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं. दाराशी उभे राहून, अगदी ती उभी राहायची तसे.

"झकास," काकू म्हणाली. मग वाटी खाली ठेवली. "पोट भरलं. ठेवा झाकून, मग खाते."

मी काकांच्या मागून स्वयंपाकघरात गेले आणि मला राहवलं नाही. नाकावर राग असतोच माझ्या. "काका, करपलाय तो. तळाला लागलाय. तोंडात घालवत नाही."

"पण पांढराशुभ्र आहे."

"वरून पांढरा आहे. वास बघा ना!" आणि बोलून गेल्यावर मी जीभ चावली.

काकांना त्याचं काही वाटलं नाही. ते दुसऱ्याच विचारात होते. त्यांनी चमच्याने तळ खरवडला. खालून तपकिरी पापुद्रा वर आला. त्याच्याकडे बघत राहिले.

"मग ती झकास का म्हणाली?"

"तुमचं मन राखायला."

"नाही," काका म्हणाले. "मीठ कमी पडलं तर सांगते. कांदा कच्चा राहिला तर घर डोक्यावर घेते. मग हेच का नाही सांगितलं?" ते हळूहळू बोलत होते, भिंतीतली भेग कुठपर्यंत गेली आहे ते बोटाने चाचपावं तसे. "सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, तुला कसं कळलं. ती म्हणाली असती, वासावरून. मग मी..."

ते थांबले. आणि त्याच क्षणी माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. दारात उभी राहून मी तिचे किती निरोप आत पोचवले होते. दाराचं पॉलिश, पावसाचा आवाज, तेलाची चकाकी. जी गोष्ट आईच्या प्रत्येक वाक्यात होती, ती काकूच्या तोंडून एकदाही आली नव्हती. 'वास सुटला की' हे शब्द तिने एकदाही उच्चारले नव्हते.

"काका," मी म्हटलं, "तिला माहीत आहे."

काकांनी तो भात केरात टाकला. पातेलं घासलं. दुसरं दूध ओतलं, तांदूळ घातले, दालचिनी, लिंबाची साल. आच अगदी बारीक केली. चमचा क्षणभरही खाली ठेवला नाही. दूध दाटायला लागलं, तसं त्यांनी फडक्याने पातेलं उचललं आणि चालू लागले. मला वाटलं वाटीत काढायचं विसरले. पण ते पातेलं घेऊन पलंगाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि ते तिच्या नाकाजवळ धरलं.

"सांग," ते म्हणाले. "वास आला का? मला कळत नाही. मला वास येत नाही, खूप वर्षं झाली."

 काकू त्यांच्याकडे बघत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"एकदा दूध करपलं होतं. चांगलंच. घरभर वास. मी पातेलं उपडं करायला वळले, तेवढ्यात तुम्ही कामावरून आलात, त्यातलंच पेलाभर ओतून घेतलंत, घटाघट प्यायलात आणि म्हणालात, 'आज झकास झालंय.'" ती थोडी हसली. "मी रात्रभर रडले. सकाळी उठले आणि म्हटलं, नाक गेलं तर गेलं. दात आहेत, डोळे आहेत, जीभ आहे. त्यांच्यासाठी करू."

 कुरकुरीत कांदा. दातांना झिणझिण्या आणणारं गार दही. कच्चा मुळा, आंबट फोडी, लाल-पिवळं-हिरवं ताट. आई ज्याला जत्रा म्हणायची, आम्ही पोरं ज्याच्यावर तुटून पडायचो, ते सगळं एका माणसाच्या कोऱ्या भिंतीवर ती रोज, दोन वेळा, चितारत होती. आणि त्याला कळूही दिलं नव्हतं. दुधातला भात का 'राहून गेला' तेही मला कळलं. त्यात त्याला मिळण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तिने तो स्वतःच्या आयुष्यातून काढून टाकला होता.  एवढं मोठं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचंस तरी," काका म्हणाले. 

"तुम्ही एवढं जपून लपवलं होतंत. मोडायचं जिवावर आलं."

पातेल्यातून वाफ वर येत होती. काकूने डोळे पुसले, मग मान पुढे केली आणि वास घेतला, डॉक्टरांनी सांगितलेल्या श्वासाच्या व्यायामापेक्षा कितीतरी मनापासून.

"दालचिनी अजून उतरली नाही. पुन्हा ठेवा. बारीक आच."

काका उठले. आत गेले. ढवळण्याचा आवाज. परत आले, गुडघ्यावर बसले.

"आता?"

"लिंबाची साल काढा. नाहीतर कडू होईल."

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. गुडघे कुरकुरत होते त्यांचे, पण त्यांनी मला पातेल्याला हात लावू दिला नाही. काकू पुन्हा वाकली. या वेळी तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मलाही वास आला होता. गरम दुधाचा, सालीचा, गोडसर लाकडासारखा दालचिनीचा. सगळी खोली त्याने भरली होती, आणि त्या खोलीत तो फक्त काकांनाच येत नव्हता. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, नमुना वाळायची वाट बघावी तसे.

"हं," काकू म्हणाली.

काकांनी वाटी भरली. ती खायला लागली. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण माणसाला एवढ्या भुकेने जेवताना बघणं म्हणजे काहीतरी खासगी बघितल्यासारखं वाटत होतं. चमचा वाटीला लागायचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो थांबला.  आता ती म्हणेल, ठेवा झाकून.

काकूने रिकामी वाटी पुढे केली. सगळ्या आयुष्यात जे वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, ते ती अगदी सहज बोलली.

"अजून आहे ना? वाढा थोडा."